ऑपरेशन बकशॉट यँकी : एका पेनड्राइव्हपासून सायबर कमांडपर्यंत

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतल्या, म्हणजे एनएसएतल्या, विश्लेषकांना एका गोपनीय लष्करी नेटवर्कमध्ये एक विचित्र हालचाल दिसली. आत बसलेला एक प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा बाहेर हाक मारत होता. मी पोचलो आहे, पुढचा हुकूम द्या, एवढाच त्या हाकेचा अर्थ होता. हे नेटवर्क इंटरनेटला जोडलेलेच नव्हते, त्यामुळे हाक बाहेर पोचत नव्हती. पण जिथे बाहेरून काहीच येऊ शकत नाही असे सगळे धरून चालले होते, तिथे कोणीतरी आत आले होते.

अमेरिकी लष्कराने या प्रकरणाला ‘ऑपरेशन बकशॉट यँकी’ असे नाव दिले. अधिकृत कबुली यायला जवळजवळ दोन वर्षे लागली. तत्कालीन उपसंरक्षणमंत्री विल्यम लिन यांनी २०१० मध्ये एका नियतकालिकात लेख लिहून सांगितले, की मध्यपूर्वेतल्या एका तळावर लष्करी लॅपटॉपला संसर्ग झालेला पेनड्राइव्ह लावला गेला, त्यातला कोड परकीय गुप्तचर संस्थेने ठेवलेला होता आणि तो मध्यपूर्वेची जबाबदारी असलेल्या सेंट्रल कमांडच्या नेटवर्कवर चढून गोपनीय व बिगरगोपनीय अशा दोन्ही यंत्रणांत पसरला. कोणता देश, हे लिन यांनी लिहिले नाही. पेनड्राइव्ह लावणाऱ्याचे नावही कधी जाहीर झाले नाही. ते झाले नाही हे बरेच झाले, कारण त्या माणसाला दोष देऊन हे प्रकरण समजत नाही.

तीन जाळी, एक टेबल

अमेरिकी संरक्षण खात्याची मुख्य जाळी तीन. बिगरगोपनीय कामासाठी निप्रनेट, जे ठरावीक दारांतून इंटरनेटला जोडलेले आहे. ‘सिक्रेट’ दर्जाच्या माहितीसाठी सिप्रनेट आणि ‘टॉप सिक्रेट’साठी जेविक्स. यांच्या तारा, यंत्रे आणि एन्क्रिप्शन वेगवेगळे असते. मधल्या या तुटकपणालाच एअर गॅप म्हणतात.

कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. आता तळावरच्या एखाद्या अधिकाऱ्याचे टेबल डोळ्यांसमोर आणा. टेबलावर दोन संगणक आहेत. हवामानाचा अंदाज, नकाशाचा तुकडा, कंत्राटदाराने ईमेलने पाठवलेली फाइल हे सगळे निप्रनेटवर येते. उद्याच्या मोहिमेचे सादरीकरण मात्र सिप्रनेटवर करायचे असते. दोन संगणकांत हातभर अंतर आहे आणि वेळ अर्धा तास. फाइल पलीकडे न्यायची अधिकृत सोय एक तर नाही, किंवा असली तरी ती दुसऱ्या इमारतीत आहे. सॅटेलाइटची बँडविड्थ तुटपुंजी असल्याने मोठ्या फाइली एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यासाठीही तळातळांवर पेनड्राइव्हच वापरले जात. अशा वेळी माणूस खिशात हात घालणारच. एअर गॅप ओलांडणारी ही वाहतूक रोजची होती आणि ती कामापोटी होत होती. हल्लेखोराने फक्त तिच्यात आपली सीट धरली.

कीड चालायची कशी

या मालवेअरचे, म्हणजे यंत्रात घुसून नुकसान किंवा हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमचे, नाव ‘एजंट.बीटीझेड’. तो ‘सिलीएफडीसी’ या आधीच माहीत असलेल्या वर्मच्या, म्हणजे स्वतःच्या प्रती करत पसरणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कुळातला. जून २००८ मध्येच तो नाटोच्या एका सदस्य देशाच्या लष्करी संगणकांवर सापडला होता, असे त्याचे विश्लेषण करणाऱ्या फिनलंडच्या कंपनीने पुढे सांगितले. म्हणजे अमेरिकेत खळबळ उडाली त्याच्या चार महिने आधी तो लोकांना माहीत होता.

त्याची रचना अतिप्रगत मुळीच नव्हती. एक डीएलएल फाइल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकरवी चालणारा कोड, आणि पेनड्राइव्हवर तिच्या शेजारी ‘ऑटोरन.आयएनएफ’ नावाची चार ओळींची मजकूर फाइल, बस्स. खरी हुशारी या चार ओळींत होती. विंडोज एक्सपीमध्ये पेनड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम गुपचूप आपोआप सुरू होतो असा अनेकांचा समज आहे. तो सीडीच्या बाबतीत खरा होता. पेनड्राइव्ह लावल्यावर एक चौकट उघडे आणि काय करायचे ते विचारी. या वर्मने चौकटीवर भिस्त ठेवलीच नाही. त्याने ‘माय कॉम्प्युटर’मधल्या ड्राइव्हच्या चिन्हावर डबल-क्लिक केल्यावर काय व्हावे, हेच बदलून टाकले. वापरणाऱ्याने नेहमीच्या सवयीने ड्राइव्ह उघडला, की ‘रनडीएलएल३२’ या विंडोजच्याच प्रोग्रॅमकरवी डीएलएल चालू व्हायची.

एकदा यंत्रात बसला, की तो स्वतःची प्रत विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये ठेवी, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, नोंद करून एक्सप्लोरर या फोल्डर दाखवणाऱ्या भागाबरोबर दर वेळी चालू होई आणि दोन कामे करत राही. पहिले काम, नवा पेनड्राइव्ह लागला रे लागला की त्याच्यावर चढणे. दुसरे, बाहेरच्या सर्व्हरकडून पुढचा भाग मागणे. ही मागणी चित्राच्या फाइलची असावी तशी दिसे, शेवटी ‘.जेपीजी’ असलेली; आत मात्र एन्क्रिप्ट केलेला प्रोग्रॅम अपेक्षित होता. एनएसएला दिसलेली हाक ती हीच.

एक फाइल जवळून पाहण्यासारखी आहे. वर्म प्रत्येक पेनड्राइव्हवर ‘थम्ब.डीडी’ नावाची फाइल तयार करी. विंडोज चित्रांच्या फोल्डरांत स्वतःच ‘थम्ब्स.डीबी’ नावाची फाइल टाकत असे, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला ही नेहमीचीच वाटावी. प्रत्यक्षात ते एक गाठोडे होते. त्यात ‘विनव्ह्यू.ओसीएक्स’, ‘डब्ल्यूएमकॅश.एनएलडी’ आणि ‘एमएसडब्ल्यूएमपीडॅट.टीएलबी’ अशा तीन फाइली असत आणि त्यांत त्या यंत्राची माहिती व वर्मने काय केले त्याचा लॉग, म्हणजे नोंदी. गोपनीय यंत्रावरून गाठोडे पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह माणसाच्या खिशात आणि संध्याकाळी तोच पेनड्राइव्ह इंटरनेटवाल्या यंत्राला. एअर गॅपच्या आतली माहिती अशी टपालासारखी बाहेर येऊ शकत होती.

हीच फाइल नंतर वेगळ्या कारणाने गाजली. ‘रेड ऑक्टोबर’ या हेरगिरी मोहिमेतला यूएसबी चोरणारा भाग पेनड्राइव्हवर मुद्दाम ‘थम्ब.डीडी’ शोधत असे, म्हणजे एकाने भरलेले गाठोडे दुसऱ्याने उचलायचे. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने २०१४ मध्ये लिहिले, की ‘टर्ला’ हा प्रगत मालवेअर आपले लॉग लपवायला तीच एक्सओआर किल्ली, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याची साधी किल्ली, वापरतो, जी एजंट.बीटीझेड वापरत होता. त्याच लेखानुसार २०१३ मध्ये, पाच वर्षांनंतरही, सुमारे १०० देशांत १३,८०० यंत्रांवर एजंट.बीटीझेड सापडत होता.

हाक ऐकू आल्यानंतर

हाक एनएसएने पकडली, पण ती कुठून येते आहे ते शोधणे हे वेगळेच काम होते. नमुना हाती लागल्यावर विश्लेषकांनी तो उलगडला आणि त्यांच्या लक्षात आले, की हा प्रोग्रॅम हुकमाचा ताबेदार आहे. हुकूम मूळ मालकाचा आहे की नाही, हे तो तपासत नाही. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी पुढे पत्रकारांना सांगितल्याप्रमाणे त्यांनी नेटवर्कच्या आतच खोटा ‘मालक’ उभा केला आणि वर्मला झोपण्याचा हुकूम देण्याची युक्ती आधी चाचणीच्या यंत्रांवर आणि मग प्रत्यक्षात वापरली. कल्पना, चाचणी आणि वापर हे सगळे काही दिवसांत झाले.

ही युक्ती सुंदर होती, पण तिने रोग बरा झाला नाही. झोपलेला वर्म यंत्रावर तसाच होता आणि कपाटातल्या, ड्रॉवरमधल्या, किटबॅगमधल्या पेनड्राइव्हना तर कोणताच हुकूम पोचत नव्हता.

त्याच सुमारास आणखी एक वाद झाला. लष्कराच्या बाहेरच्या, इतर देशांतल्या यंत्रांवर हा वर्म आहे. तिथे जाऊन तो निकामी करावा का? काही अधिकारी त्या बाजूचे होते. वरिष्ठ पातळीवर निर्णय झाला, की हे हेरगिरीचे प्रकरण आहे, हल्ल्याचे नाही. तेव्हा परक्या नेटवर्कमध्ये शिरायचे नाही. आमच्या मते हा निर्णय रास्त होता, पण निर्णय कोणी घ्यायचा हेच आधी ठरलेले नव्हते ही खरी अडचण होती.

बंदी आणि झाडलोट

नोव्हेंबर २००८च्या मध्यावर, लष्करी नेटवर्कची जबाबदारी असलेल्या स्ट्रॅटेजिक कमांडने हुकूम काढला : पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि तसली सगळी काढता-घालता येणारी साधने वापरायला बंदी. ती अंशतः उठली फेब्रुवारी २०१० मध्ये, तीही मोजक्या, सरकारी खरेदीच्या साधनांपुरती. संपूर्ण साफसफाईला जवळजवळ १४ महिने लागले.

एवढ्या सामान्य वर्मसाठी १४ महिने का, हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. लिन यांच्याच लेखातले आकडे पाहा : १५,००० नेटवर्क, ७० लाख संगणकीय साधने आणि ती चालती ठेवण्यासाठी पूर्णवेळ राबणारी ९०,००० हून अधिक माणसे. ती वेगवेगळ्या दलांच्या, कमांडच्या, तळांच्या ताब्यात होती. एका खोलीत बसून ‘कोणत्या यंत्रावर काय चालू आहे’ हे पाहण्याची सोय नव्हती. सायबर कमांडचे पहिले प्रमुख जनरल कीथ अलेक्झांडर यांनी जून २०१० मध्येही जाहीरपणे सांगितले होते, की आपल्या नेटवर्कचे सामाईक चित्र आपल्यापाशी नाही.

अशा परिस्थितीत सफाई कशी फसते, ते सरावाने ठाऊक असलेल्यांना नवे नाही. तळावर शंभर यंत्रे स्वच्छ केली जातात. मग रजेवरून परतलेल्या कोणाच्या तरी बॅगेतला जुना पेनड्राइव्ह लागतो आणि दोन तासांत मोजणी पुन्हा शून्यावर येते. म्हणून क्रम उलटा लावावा लागतो. आधी सगळी साधने गोळा करायची, नोंदवायची, सीलबंद करायची. यंत्रांना हात त्यानंतर. दुसरी चूक म्हणजे घाबरून यंत्र लगेच फॉरमॅट करणे. मेमरीची आणि डिस्कची प्रत घेण्याआधी फॉरमॅट केले, की वर्म केव्हा आला, कोणत्या ड्राइव्हवरून आला आणि काय घेऊन गेला याचा पुरावाच पुसला जातो. तिसरी चूक बंद यंत्रे विसरण्याची. जहाजावरचा, गोदामातला, दुरुस्तीला गेलेला लॅपटॉप सहा महिन्यांनी चालू होतो आणि तो अजून आजारीच असतो.

ऑटोरन, म्हणजे ड्राइव्हवरचा प्रोग्रॅम आपोआप चालवण्याची विंडोजची सोय, बंद करण्यातही एक खाच होती. रजिस्ट्रीत ‘नोड्राइव्हटाइपऑटोरन’ या नोंदीला शून्य-एक्स-एफएफ ही किंमत दिली, की सगळ्या ड्राइव्हवरचे ऑटोरन बंद होते, असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन होते. जानेवारी २००९ मध्ये यूएस-सर्ट या सायबर धोक्यांचे इशारे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने इशारा दिला, की एवढे पुरत नाही. ती किंमत ठेवूनही चिन्हावर डबल-क्लिक केल्यास कोड चालू शकतो. नेमकी एजंट.बीटीझेडची वाट. यूएस-सर्टने सुचवलेला उपाय एका ओळीचा होता : ‘आयएनआयफाइलमॅपिंग’खाली ‘ऑटोरन.आयएनएफ’साठी अशी नोंद करायची, की विंडोजने त्या फाइलऐवजी रजिस्ट्रीतली अस्तित्वात नसलेली जागा वाचावी. मग पेनड्राइव्हवर ती फाइल असली काय नि नसली काय, विंडोजच्या लेखी ती नाहीच. एवढ्यावरही ‘माउंटपॉइंट्स२’ ही जुन्या ड्राइव्हची आठवण साठवणारी नोंद साफ करावी लागे. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठीचे ऑटोरन मुळातूनच काढले गेले आणि एक्सपी व व्हिस्टासाठीचा तसा बदल विंडोज अपडेटमधून सर्वांपर्यंत फेब्रुवारी २०११ मध्ये गेला.

मधल्या काळात युरोपनेही चटके सोसले. जानेवारी २००९ मध्ये कॉन्फिकर वर्म फ्रेंच नौदलाच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये आणि ब्रिटिश संरक्षण खात्याच्या यंत्रणांत शिरला. त्याच्या पसरण्याच्या वाटांतही पेनड्राइव्ह होताच.

नवी घडी

२००८ पर्यंत अमेरिकेत नेटवर्कचे रक्षण एका टास्क फोर्सकडे आणि सायबर हल्ल्याचे नियोजन दुसऱ्याच घटकाकडे होते. वर्म उलगडण्याचे कौशल्य तिसरीकडे, एनएसएत. बकशॉट यँकीमध्ये तिन्ही एकत्र आणावे लागले आणि ते मुळातच एकत्र का नाहीत हा प्रश्न टाळता येईना. २३ जून २००९ रोजी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी सायबर कमांड स्थापण्याचा आदेश दिला. २१ मे २०१० रोजी ती प्राथमिक स्वरूपात सुरू झाली, ३१ ऑक्टोबर २०१० रोजी पूर्ण. मुख्यालय मेरीलँडमधल्या फोर्ट मीड इथे, एनएसएच्या शेजारी, आणि दोन्हींचा प्रमुख एकच. ४ मे २०१८ रोजी तिला स्वतंत्र युद्ध कमांडचा दर्जा मिळाला. तोवर तिच्या १३३ तुकड्या उभ्या राहिल्या होत्या, सुमारे ६,२०० माणसांच्या.

तळपातळीवरचा बदल कमी चर्चेत आला, पण आम्हाला तोच मोलाचा वाटतो. प्रत्येक यंत्रावर बसणारी एचबीएसएस ही संरक्षण यंत्रणा वेगाने पसरवली गेली आणि तिच्यात ‘डिव्हाइस कंट्रोल’ हा भाग जोडला गेला. कोणता पेनड्राइव्ह, कोणत्या यंत्राला, केव्हा लागला, हे आता मध्यवर्ती ठिकाणी नोंदले जाऊ लागले. नोंद नसलेला ड्राइव्ह यंत्र ओळखेनासेच झाले.

उरलेल्या फटी

बंदी पेनड्राइव्हवर होती, सीडीवर नाही. २०१० मध्ये इराकमधल्या तळावरून सिप्रनेटवरच्या लाखो कागदपत्रांची जी गळती झाली, तिच्यात पुन्हा लिहिता येणारी सीडी वापरली गेली. डिसेंबर २०१० मध्ये मग सिप्रनेटवरच्या यंत्रांतून कोणत्याही काढता येणाऱ्या माध्यमावर लिहिण्यावर निर्बंध आले. आत येणारा मालवेअर अडवणे आणि बाहेर जाणारी माहिती अडवणे ही एकाच दाराची दोन कामे आहेत. २००८ मध्ये फक्त पहिल्याचा विचार झाला.

दुसरी फट अपवादांची. सप्टेंबर २०११ मध्ये नेवाडातल्या क्रीच हवाई तळावर, जिथून ड्रोन चालवले जातात, पासवर्ड चोरणारा मालवेअर सापडला. तोही स्वतंत्र ठेवलेल्या नेटवर्कवर. नकाशे आणि चित्रफिती हलवण्यासाठी तिथे पोर्टेबल हार्ड ड्राइव्ह वापरले जात होते. उड्डाणाच्या नियंत्रणावर परिणाम झाला नाही, असे हवाई दलाने स्पष्ट केले. पण वाट तीच होती.

आणि आपल्याकडे. जुलै २०१२ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले, की विशाखापट्टणमच्या पूर्व नौदल कमांडमधल्या संवेदनशील संगणकांवर पेनड्राइव्हमधून मालवेअर शिरला. तो पेनड्राइव्हवर लपलेले फोल्डर तयार करी, ठरावीक शब्द असलेली कागदपत्रे त्यात भरी आणि तोच ड्राइव्ह इंटरनेटवाल्या यंत्राला लागला की ती चीनमधल्या पत्त्यांवर पाठवी. नौदलाने चौकशी बसवल्याचे मान्य केले. बकशॉट यँकीची सविस्तर माहिती जाहीर होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. तिन्ही दलांची डिफेन्स सायबर एजन्सी आपल्याकडे २०१९ मध्ये कामाला लागली आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली बसवायला घेतली. ऑटोरनची वाट त्याने बुजते. खिशातली वाट वेगळी, ती तशी बुजत नाही.

मधले ठाणे

ज्या कार्यालयात दोन जाळी आहेत तिथे फाइल नेण्याची गरज असणारच, हे मान्य करूनच व्यवस्था करावी. दोन जाळ्यांच्या मध्ये एक स्वतंत्र यंत्र ठेवावे; हेच मधले ठाणे. त्याला नेटवर्क केबल नको, वायफाय कार्ड काढलेले हवे आणि त्याची प्रणाली शक्यतो कामाच्या यंत्रांपेक्षा वेगळी हवी, म्हणजे विंडोजसाठी लिहिलेला वर्म तिथे चालणारच नाही. तपासणी किमान दोन वेगळ्या कंपन्यांच्या अँटिव्हायरसने व्हावी. त्यांच्या, मालवेअर ओळखण्याच्या, याद्या रोज बाहेरून आणून टाकाव्या लागतात; हे काम नावानिशी एका माणसाचे असावे, नाहीतर ते कोणाचेच राहत नाही आणि महिन्याभरात यादी शिळी होते.

बाहेरचा ड्राइव्ह ठाण्यावर लागतो, पण पुढे तो जात नाही. फाइल तपासून एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर उतरवायची, पुढे काही लिहिता येऊ नये अशी सीडी बंद करायची, तिच्यावर क्रमांक घालायचा आणि ती आत न्यायची. काम झाल्यावर सीडी परत ठाण्यावर येते आणि तुकडे होतात. वर्ड किंवा एक्सेल फाइलींतले मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आतले छोटे प्रोग्रॅम, ठाण्यावरच काढून टाकावेत; नुसते वाचायचे असेल तर पीडीएफसुद्धा चित्रात बदलून घ्यावे. काम मोठे असेल तर डेटा डायोड बसवावा. त्यात फायबरच्या एका टोकाला फक्त प्रकाश सोडणारा भाग असतो, दुसऱ्या टोकाला फक्त घेणारा, त्यामुळे उलट दिशेने एक बिटही जाऊ शकत नाही. मात्र पोच मिळण्याची सोय नसल्याने फाइल दोनदा पाठवून हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तिचा ओळख-आकडा, जुळवून पाहावा लागतो.

ठाणे कुठे ठेवायचे, हा मुद्दा तंत्राइतकाच महत्त्वाचा. ते चालत दोन मिनिटांपेक्षा लांब असले, किंवा रात्री आठनंतर कुलूपबंद होत असले, तर लोक पुन्हा खिशात हात घालतील. रांग मोजावी. एका फाइलला दहा मिनिटांच्या वर लागत असतील तर दुसरे यंत्र मागावे आणि मिळेपर्यंत मागतच राहावे. कामाच्या यंत्रांचे यूएसबी पोर्ट नुसते चिकटपट्टीने झाकून भागत नाही. कीबोर्ड आणि माउस यूएसबीचेच असतात, त्यामुळे अनुक्रमांकावरून साधन ओळखणारे नियंत्रण लागते.

दर तिमाहीला या सगळ्याची परीक्षा घ्यावी. अँटिव्हायरस तपासण्यासाठी सगळीकडे मान्य असलेली, निरुपद्रवी अशी ६८ अक्षरांची आयकार चाचणी फाइल एका नोंद असलेल्या पेनड्राइव्हवर ठेवावी आणि आगाऊ न सांगता तो एका यंत्राला लावावा. घड्याळ लावून पाहावे, सुरक्षा कक्षातून फोन किती मिनिटांनी येतो. आला तर पलीकडच्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात : यंत्र कोणत्या खोलीत आहे, ड्राइव्हचा अनुक्रमांक काय आणि हा ड्राइव्ह याआधी कोणकोणत्या यंत्रांना लागला होता. तिसऱ्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी उत्तर मिळाले, तर डिव्हाइस कंट्रोलचे लॉग जमा होत आहेत पण कोणी पाहत नाही, असे समजावे आणि दुरुस्ती तिथून सुरू करावी.